चौथं परळ

“मास्तर, तुमच्या पायाच्या अंगठ्याचं नख घ्या. डोळा कसा बनवाचा याची सारी युक्ती त्या नखाच्या मुळाशी बसलेल्या पेशीतही लिहिलेली आहे. मंग नखाले दिसत काऊन नाई?”

आर्वीच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी, मधल्या सुट्टीत, हा प्रश्न माझ्यावर येऊन आदळला. तोंडात केळं होतं. खोलीत सात-आठ शिक्षक होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी बी.एस्सी. होतो, तिसऱ्या वर्गात, पण होतो. साताऱ्याहून इतक्या लांब आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी ‘माहीत नाही’ म्हणावं हे मला बरं दिसेना. मी केळं गिळलं आणि म्हणालो, “बुटात असतं ना सर, म्हणून.”

खोली हसली. विचारणारे गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून माझं उत्तर नीट तपासलं आणि म्हणाले, “मंग चपला घालणाऱ्याले तरी दिसाले पायजे.”

माझी उत्तरं आयुष्यात पुष्कळांनी बाद केली. परीक्षकांनी केली, सासऱ्यांनी केली, आता नातवंडं करतात. इतक्या आदरानं कुणीच केली नाहीत.

पोरं त्यांना ‘काऊन सर’ म्हणायची. तिकडे ‘का’ला काऊन म्हणतात आणि सरांचं निम्मं बोलणं त्या एका शब्दाचं असे. उंच, खांद्यात वाकलेले, बारा महिने एकच काळा कोट. त्या कोटाच्या प्रत्येक काजात रंगीत दोऱ्यांचे झुपके लोंबत असत. लाल, हिरवे, पिवळे, निळे. नव्या माणसाला वाटावं, हा कुठला तरी नवस आहे. खिशात हात घातला की सरकी निघायची. फळ्यावर लिहिताना खडू संपला तर ते खिशातून सरकीचा दाणा काढून त्यानंच पुढं लिहू लागत, आणि अक्षर उमटत नाही हे त्यांना दोन ओळींनंतर कळे. मागच्या बाकावरची पोट्टी ओरडायची, “सर, दिसून नाई राह्यलं!” सर वळून म्हणत, “लिहिलेलं तर आहे. दिसत काऊन नाई, हेच तर शिकाचं आहे.”

तो काळ राज्यं बदलण्याचा होता. आर्वी जागची हलली नव्हती, पण मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवली गेली होती. शाळेचे शिक्के बदलले, कागद बदलले. गावात त्याच्याच गप्पा. सरांना विचारलं, तर म्हणाले, “सरकीले माहीत नाई अजून.”

ते एका मावशीकडे राहत. मावशी विधवा होती. रोहण्याच्या वाटेवर तिचं दहा एकर कपाशीचं शेत होतं आणि घरी भुरी नावाची म्हैस. पुढच्या पडवीलगतची एक खोली सरांची. सरांचं लग्न झालं होतं की नव्हतं हे गावात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि मावशीला विचारलं तर ती म्हणे, “म्या कदी पुसलं नाई. माणूस सांगाचं राह्यलं तं सांगते.” अकोल्याला एक थोरला भाऊ होता एवढंच कळलेलं. मी संध्याकाळी तिथं जाऊ लागलो याचं कारण विज्ञानाची ओढ असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो आहे. खरं कारण असं की, आर्वीत माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मी गेलो की सर दोन कप मांडत. एकाला कान होता, एकाला नव्हता. कान असलेला नेहमी माझ्यापुढे येई. तो दुसरा कप त्यांनी माझ्या आधी कितीक वर्षं घेऊन ठेवला होता, हे मला मावशीनं सांगितलं. “कोनी आलं तं असावा म्हणे. कोनी येतच नोतं.”

त्या खोलीत भिंतीवर जुन्या धोतराच्या कापडाचे खिसे शिवून टांगलेले होते. त्यात आलेली पत्रं. न फोडलेली! सर फक्त रविवारी, अंघोळ झाल्यावर पत्रं फोडत. आठवड्यात कुठलंही पत्र येवो, ते खिशात जाई. कार्ड आलं तर पालथं घालून ठेवत, नजर जाऊ नये म्हणून.

“पण सर, काही तातडीचं असलं तर?”

“आलेला प्रत्येक निरोप आला म्हणूनच वाचला तर माणूस येडा होईल, मास्तर. पेशी पाहा. तिच्या मधात, केंद्रात, एक पोथी आहे. सारं त्याच्यात. ते पोथी काई बाहेर येत नाई. अन् प्रोटीन तर बनते बाहेर, भोवतालच्या रसात. होय का नाई? म्हणजे मधलं बाहेर नेणारा कोणीतरी निरोप्या पायजे. बरं, निरोप बाहेर आला. मंग लगेच काम झालंच पायजे का?”

“झालं पाहिजे,” मी म्हणालो. मला त्यांच्या प्रश्नांत ‘होय’ म्हणायचं की ‘नाही’ हे त्यांच्या आवाजावरून ओळखायची कला साधत आली होती. ती त्या वेळी फसली.

“काऊन पण? बाहेर येऊन पडून राह्यला असंन तर? वाचणारा म्हणत असंन, हा आता नाई, नंतर. हा आत्ताच. हा कधीच नाई. नखाच्या पेशीत डोळ्याचा निरोप निघतच नसंन, हे एक झालं. पण निघून, लिहून, घडी घालून तयार आहे अन् वाचत नाई, असंही असंन ना कुठं?”

निरोप्याला तेव्हा जगात नाव मिळालं नव्हतं. निदान आर्वीपर्यंत पोचलं नव्हतं. सरांकडे दोन जुनी इंग्रजी पुस्तकं आणि नागपूरच्या एका प्रोफेसरांनी अधूनमधून पाठवलेली मासिकं, एवढ्यावर हा माणूस पेशीच्या टपालखात्याचा हिशेब लावत बसला होता. मी मान डोलवत असे. कळत काहीच नव्हतं. पण मान डोलवल्यावर ते इतके खूश होत की थांबवणं जमेना.

त्यांच्या मते असा पडून राहिलेला निरोप हुडकायची जागा म्हणजे सरकी. हिरव्या बोंडातलं बी चांगलं ओलं असतं, ऊब असते, मग ते बोंडातच उगवत का नाही? आतला निरोप लिहून व्हायचा असतो म्हणून? का निरोप तयार आहे, पण बोंडाचाच रस त्याला ‘थांब’ म्हणतो आहे म्हणून? हे कळायचं तर बोंडाचं नेमकं वय कळायला हवं. त्यासाठी ते दोरे. कपाशीचं फूल ज्या दिवशी उमलतं त्या दिवशी पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. सर पावसाळा सरता सरता रोज पहाटे शेतात जाऊन पिवळ्या फुलांच्या देठांना त्या दिवसाचा दोरा बांधत. एका दिवसाला एक रंग, नाहीतर दोन-तीन रंगांचा पीळ. दोन महिने.

यावरून मी येण्याच्या कितीतरी आधी गावात एक भानगडही झाली होती. कापूस वेचायला घेण्याआधी तिकडे शेतात सीतादही करतात; दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत. आणि सर तर हिरवी बोंडं तोडून कोटाच्या खिशात भरत होते. वेचणीच्या बायांनी मावशीला गाठलं. “अवं, सीतादही व्हाच्या आंधी तोडून राह्यला तो मास्तर! बरकत जाईन न वावराची.” मावशी दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः शेतात गेली, लाल दोऱ्याच्या एका झाडापाशी पळीभर दहीभात ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, “घ्या आता. तुमच्यापुरती झाली.” त्यानंतर दर वर्षी काऊन सरांची सीतादही निराळी होई. महिनाभर आधी.

आता निगेटिव्हची गोष्ट सांगतो, कारण त्यात माझी बेअब्रू आहे आणि ती मला टाळता येत नाही. सर म्हणत, बी उगवायला लागलं की त्यात पहिल्यांदा एक नवं प्रोटीन बनतं. ते कात्रीसारखं, साठवलेलं जुनं प्रोटीन कातरून कोंबाला खाऊ घालतं. कोरड्या बियात ही कात्री नसते. ती बनली की नाही हे डोळ्यांनी कसं दिसावं? तर फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर जो चिकट थर असतो तोही प्रोटीनचाच. बी वाटून त्याच्या रसाचा थेंब त्यावर टाकला आणि कात्री असली, तर तासाभरात थर विरघळून तेवढ्या जागी स्वच्छ भोक दिसतं. म्हणून गावातला फोटोवाला बिघडलेल्या निगेटिव्ह सरांना देत असे. आर्वीतले कितीतरी नवरदेव त्या खोलीत नाकाविना पडले होते. मी त्या सुमारास मुलीकडच्यांना पाठवायला फोटो काढून घेतला होता. त्यात माझे डोळे मिटले गेले. ती काच फोटोवाल्यानं कुठं दिली हे सांगायला नको.

“हा तर तुम्ही!” सर एका संध्याकाळी काच उजेडात धरून म्हणाले. “चांगली आहे. थर जाड आहे. मोठ्या प्रयोगाले ठेवतो.”

मोठा प्रयोग म्हणजे चार परळं. परळ म्हणजे मातीची पसरट ताटली. पहिल्यात गेल्या सालची पिकलेली सरकी, पाण्यात. ती उगवणारच. दुसऱ्यात लाल दोऱ्याच्या कोवळ्या बोंडातले दाणे, साल काढून, बोंडाच्याच रसात. ते उगवू नयेत. तिसऱ्यात तेच कोवळे दाणे, पण तास-दीड तासानं पाणी बदलून सारखे धुतलेले. ते उगवावेत. आणि चौथ्यात तसेच धुतलेले कोवळे दाणे, पण धुतल्यावर पुन्हा बोंडाच्या रसात ठेवलेले.

“सारा जीव चौथ्यात आहे,” सर म्हणाले. “तिसरं उगवलं तर लोक म्हणतील, धुतल्यानं उगवलं, त्यात काय. चौथं थांबलं तरच कळंन का थांबवणारा रसात आहे अन् निरोप आंधीपासूनच आत आहे.”

मी मान डोलवली.

पाणी बदलण्याचं काम शाळा सांभाळून एकट्याला होण्यासारखं नव्हतं. त्यांनी बारा-पंधरा वर्षं हा प्रयोग नुसता वहीत लिहून ठेवला होता. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी पाळी लावली. नागपूरचे ते प्रोफेसर सुट्टी संपायच्या आधी बघायला येणार होते, आणि पटलं तर सरांना त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं एक टेबल मिळणार होतं. सरांना निवृत्तीला चार वर्षं उरली होती. टेबल हा शब्द ते असा उच्चारत, जसा आमच्याकडे ‘काशी’ उच्चारतात.

दाणे परळात घातले आणि दुसऱ्या दिवशी तार आली. तार खिशात ठेवता येत नाही. पोस्टमन सही घेतो आणि तोंडाकडे बघत उभा राहतो. अकोल्याचा भाऊ गेला होता. सरांनी तार वाचली, मग भिंतीपाशी जाऊन कापडाच्या खिशातून एक पाकीट काढलं. ते सोमवारी आलेलं होतं. शनिवार होता. त्यांनी ते फोडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. दीड ओळ होती. ‘जमल्यास ये. फार दिवस झाले.’

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “अक्षर छान आहे.”

“हो,” सर म्हणाले. “त्याचंच पाहून मी गिरवलं.”

पिशवी घेऊन निघताना ते पडवीत थांबले. “मास्तर, तिसऱ्याचं पाणी बदलजा. चौथ्यात सकाळ-संध्याकाळ रस. बाटली कोपऱ्यात आहे. ऊन लागू देऊ नका.” आणि पुलगावची गाडी पकडायला गेले. मागून पाहिलं तर कोटाच्या काजात एकच लाल दोरा होता.

मी सांगितल्यासारखं वागलो, हे नमूद करतो. दोन दिवस अगदी घड्याळाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी परळं मांडलेल्या फळीच्या टोकाला ऊन आलं म्हणून चौथं परळ उचलून खाली, भिंतीच्या सावलीत ठेवलं. मग मुलीच्या वडिलांना पत्र लिहायला बसलो. मावशी फाटकातून ओरडली, “मास्तर, मी बजारात जाऊन राह्यली! भिंतीपाशी सरकी भिजून आहे, भुरीले टाकजा!”

मी त्या वेळी ‘सध्या मी एका महत्त्वाच्या संशोधनात गुंतलो असून’ हे वाक्य लिहीत होतो. भुरी हंबरली. मी पत्रावरची नजर न काढता उठलो, भिंतीपाशी जे भिजलेलं होतं ते उचललं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं जिभेच्या एका फटकाऱ्यात परळ साफ केलं आणि माझ्याकडे बघितलं. ही म्हैस खाण्यात फार बेताची आहे, असं मनात म्हणून मी परत येऊन वाक्य पुरं केलं.

मावशी बाजारातून आली ती सरळ गोठ्यात. “अवो मास्तर! घमेलंभर सरकी तशीच पडून आहे! काय टाकलं मंग तुमी भुरीले?”

मी फळीकडे पाहिलं. तीन परळं होती.

“पुन्याकडली मानसं शिकून राह्यतात म्हणे,” मावशी कपाळावर हात मारून म्हणाली. “अवो, चाळीस दाण्यानं म्हशीचा दात तरी भरते का?” माझं तोंड पाहून मग तिनं आवाज उतरवला. “मास्तरले सांगून द्या. काई नाई करत तो.”

त्या वर्षी लाल दोरा शेवटच्या फुलांचा होता, आणि त्याची बोंडं संपलेली. त्या वयाची बोंडं मिळायची तर पुढल्या सालचं फूल उमलायला हवं होतं. उरला होता बाटलीतल्या रसाचा तळ. तो गडबडीत माझ्याच पायानं सांडला. तेव्हा मी काय करावं? मी मावशीच्या घमेल्यातली सरकी घेतली. चाळीस दाणे नखांनी सोलले, नखं दुखून आली, परळात घातले, रस नव्हता म्हणून पाणी ओतलं आणि परळ फळीवर चौथ्या जागी ठेवलं. मावशी दारातून बघत होती.

आणि दोन दिवसांनी त्या चाळीसच्या चाळीस दाण्यांना असे झकास कोंब आले की मला वाटलं, देवानं लाज राखली! खरं सांगतो. इतक्या संध्याकाळी मान डोलवून माझ्या डोक्यात एवढंच शिरलं होतं की बी उगवणं म्हणजे यश.

सर परतले ते प्रोफेसर यायच्या आदल्या दिवशी. मी संध्याकाळी गेलो तेव्हा ते पडवीत बसले होते. भावासाठी मिशी काढलेली. ओठ इतका उघडा दिसत होता की मला तिकडे पाहवेना. मी आनंदानं सांगितलं, “सर, चौथ्यात तर सगळ्यात जोरात उगवलं!”

त्यांनी परळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“रस घालत व्हते ना तुम्ही?”

“रोज, सर. दोन्ही वेळा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि आत जाऊन दोन कप घेऊन आले. त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते, मधेच थांबत होते, जशी समोरच्याला जागा करून द्यावी. मी त्या सगळ्या जागा माझ्या सोयरिकीच्या गप्पांनी भरून काढल्या.

प्रोफेसर सकाळच्या गाडीनं आले. माणूस भला होता, फक्त घाईत होता. परतीची गाडी दुपारची. मावशीनं पोहे केले. मी ताटल्या घेऊन उभा आणि सर त्यांना एकेक परळ दाखवत समजावून सांगू लागले. प्रोफेसरांना सांगायचं म्हणून असेल, पण इतकं सोपं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. पहिलं. दुसरं. तिसरं. “अन् हे चौथं. हे थांबाले पायजे व्हतं.”

तेव्हा मला कळलं. हातात पोह्यांची ताटली, आणि तीन महिन्यांचं सगळं एकदम कळलं.

सरांनी माझ्या मिटल्या डोळ्यांची काच आडवी ठेवली. पहिल्या रसाचा थेंब माझ्या कानापाशी पडला. दुसरा कपाळावर. तिसरा गालावर. चौथ्या वेळी काडी उचलून ते थांबले आणि मान वळवून मला म्हणाले, “मास्तर, चौथा टाकू?”

एवढंच. प्रोफेसरांना वाटलं असेल, काऊन सर आपल्या साथीदाराला मान देत आहेत.

मी म्हणालो, “टाका ना, सर.”

त्यांनी टाकला. तासाभरानं प्रोफेसरांनी काच धुऊन खिडकीच्या उजेडात धरली. कानापाशी भोक. कपाळ शाबूत. गालावर भोक. आणि चौथं भोक माझ्या तोंडाच्या जागी, स्वच्छ, त्यातून बाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं.

“म्हणजे रसात काही नाही,” प्रोफेसर म्हणाले.

“या खेपेले तरी नाई दिसलं,” सर म्हणाले.

“नाही हो, वाईट वाटून घेऊ नका. कल्पना छान होती. पण मग निरोप आधी तयार होता असं म्हणायला आधार नाही.” त्यांनी पोह्यांची तारीफ केली, मावशीला नमस्कार केला आणि गाडी गाठली. टेबलाचा विषय कुणीच काढला नाही.

सर दोन कप मांडत होते. मी म्हणालो, “सर, डोकं दुखतंय, येतो मी.”

“उद्या येजा,” ते म्हणाले.

मी गेलो नाही. परवाही नाही. रागावले असते तर गेलो असतो. पाय धरले असते, रडलो असतो, निभावून नेलं असतं. त्यांनी मला पकडलंच नाही, आता जाऊन काय करू? शाळेत ते दिसले की मी फळा पुसायला घेई. घरी जायला मी बाजारामागची गल्ली धरली. ती लांब पडे आणि तिथं एक कुत्रं माझ्या मागं लागे, पण मी वर्षभर तीच धरली. लांबून एक बदल मात्र दिसत होता. सर आता पत्र आल्या जागी, पोस्टमन समोर उभा असताना, रस्त्यात फोडत. मी एक चिठ्ठी जरी टाकली असती तरी ती त्याच क्षणी वाचली गेली असती. म्हणूनच टाकली नाही. पुढल्या पावसाळ्यात मी साताऱ्याकडे नोकरी मिळवून निघून आलो. लग्नाची पत्रिका त्यांना पाठवली. त्यांच्याकडून त्याच टपालानं म्हणावं इतक्या लवकर दोन ओळींचं कार्ड आलं: ‘आशीर्वाद. डोळे उघडे ठेवून फोटो काढणे.’

पुढं निरोप्याला नाव मिळालं. माझ्या धाकट्या मुलीनं वनस्पतिशास्त्र घेतलं. एकदा जेवताना ती आईला सांगत होती की कपाशीच्या बियात काही प्रोटीनांचे निरोप बोंड पिकायच्या आधीच लिहून ठेवलेले असतात, फक्त पेशी ते वाचत नाही. बोंडातलंच एक द्रव्य तिला अडवून धरतं. धुतलं की वाचायला लागते. मी विचारलं, “चौथं परळ केलं होतं का त्यांनी?” ती म्हणाली, “काय, बाबा?” मी म्हटलं, काही नाही, आमटी वाढ.

त्याच हिवाळ्यात मी आर्वीला गेलो. मावशी होती, डोळे गेले होते, पण आवाजावरून ओळखलं. “पुन्याकडले मास्तर! आता आले?” सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावरही ते तिच्याच पडवीत राहिले, आणि कप शेवटपर्यंत दोन मांडत, एवढं तिनं सांगितलं. मग चाचपडत आत गेली आणि एक वही आणून दिली. “हे तुमाले द्या म्हणून ठेवून गेलते.”

“मावशी, तुम्ही त्यांना तेव्हा सांगितलं होतं का हो? भुरीचं?”

“आल्या-आल्या सांगतलं म्या. पिशवी बी खाली ठेवली नोती त्यानं. म्हणे, चूप राह्य मावशे, तो सांगते.”

वहीत एक पान दुमडलेलं होतं. लाल दोरा अडकवलेला. शिसपेन्सिलीनं, भावाचं पाहून गिरवलेल्या त्या अक्षरात, वर लिहिलं होतं: ‘चौथं परळ. भुरीनं खाल्लं. मास्तर उद्या सांगतील.’

त्याच्या खाली, दुसऱ्या दिवशीचं: ‘सांगितलं नाही. पुन्हा करणे. दोन माणसं लागतात.’

मी पानं उलटत गेलो. दर पानाच्या माथ्यावर नव्या सालाची पेरणी लिहिली होती, त्याखाली उमललेल्या फुलांचे दिवस, दोऱ्यांचे रंग. आणि त्याखाली चार चौकटी, आखून ठेवलेल्या. अशी अकरा पानं. चौकटी सगळ्या रिकाम्या.